आईने पुढे केलेली वही

ऑक्युपेशनल थेरपीत (ओटी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपी) मी नवी होते तेव्हा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचाल अवघड होते, अनेकदा स्नायू ताठर होतात) असलेला सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. फिजिओथेरपी, स्पीच थेरपी आणि माझी ओटी अशी तिन्ही चालू होती. यालाच एकत्रित उपचार म्हणतात, असं मी धरून चालले होते. एक दिवस त्याच्या आईने घरच्या व्यायामांची वही पुढे केली. तिघांचं मिळून रोजचं सव्वादोन तासांचं काम भरत होतं. "यात तो खेळणार कधी, मॅडम?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर आम्ही तिघं पहिल्यांदा एकत्र बसलो, आई-वडिलांसकट. त्यांना हवं होतं एकच: त्याने ठसका न लागता आपल्या हाताने जेवावं. मग फिजिओने खुर्ची बदलली. पाय टेकले, कंबर सरळ झाली. धड डोलत असेल तर हात स्थिर राहत नाही, आणि मान मागे गेली की ठसक्याचा धोका वाढतो. मी चमच्याची मूठ जाड करून दांडा वाकवला. स्पीच थेरपिस्टने घास केवढा आणि किती घट्ट असावा ते ठरवलं, 'अजून' आणि 'बास' अशी चित्रकार्डं ताटाशेजारी ठेवली. वहीतलं बरंचसं काम जेवणाच्या वेळेतच मावलं.

दुसरी गोष्ट वेळेची. बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनने ताठर स्नायू सैल होतो, पण साधारण ३ ते ४ महिनेच. तेवढ्यात स्ट्रेचिंग, स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरणारा आधार) आणि हात वापरण्याचा सराव व्हायला हवा. एका मुलीला इंजेक्शन कधी दिलं ते आम्हाला कोणी कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही, आणि त्यातला दीड महिना फुकट गेला. ते अजून सलतं. तुम्ही या कामात नवे असाल तर इंजेक्शनची तारीख स्वतः फोन करून विचारा.

किशोरवयात हाडं झपाट्याने वाढतात, स्नायू मागे पडतात, सांधे पुन्हा आखडू लागतात. घाबरलेले पालक व्यायाम वाढवायला सांगतात. अशा वेळी आधी मुलांशी बोला. चौदा वर्षांच्या एका मुलीला शाळेत वॉकर नको होता, मैत्रिणींच्या बरोबरीने जायला व्हीलचेअर हवी होती. मला वाटलं, आपण कमी पडलो. तसं नव्हतं. उभं राहण्याचा व्यायाम तिने घरी चालू ठेवला, आणि मधल्या सुट्टीत गप्पा मारायला तिच्यात त्राण उरू लागलं.