जॉब हिरवा, आकडा चुकीचा: डेटा पाइपलाइनवर लक्ष कसं ठेवावं

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात इंग्लंडमधले १५,८४१ कोरोना रुग्ण सरकारच्या रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांच्या फाइली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या आणि त्या साच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. उरलेल्या ओळी गळाल्या, त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला.

धंद्याच्या डेटात असं सतत होतं, त्याची बातमी होत नाही इतकंच. डेटा एका ठिकाणाहून उचलून रिपोर्टपर्यंत पोचवणारी व्यवस्था म्हणजे डेटा पाइपलाइन, आणि तिच्यातलं ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम म्हणजे जॉब. जॉब फेल झाला तर निदान कळतं. तो हिरव्या खुणेने ‘सक्सेस’ दाखवतो आणि आत आकडा चुकलेला असतो, ती खरी डोकेदुखी. महाराष्ट्र आणि गोव्यात दुकानं असलेली एक किराणा साखळी धरून चालू. काउंटरवरची बिलं रात्री सर्व्हरवर येतात, सकाळी मालकांना विक्रीचा रिपोर्ट जातो.

१. रिपोर्टपासून मागे या. सगळ्या टेबलांवर पहारा बसवू नका, कोणी बघणार नाही. ज्या आकड्यावर माल मागवला जातो किंवा पैसे दिले जातात, तो कुठून कुठून येतो ते कागदावर काढा. प्रत्येक टप्प्यापुढे डेटा किती वाजेपर्यंत यायला हवा आणि न आल्यास फोन कोणाला करायचा, हे लिहा. नाव माणसाचं हवं. ‘आयटी टीम’ फोन उचलत नाही.

२. आला का, आणि पुरेसा आला का? टेबलातल्या शेवटच्या बिलाची वेळ बघणं पुरत नाही. एक दुकान गप्प झालं तरी बाकीच्यांमुळे टेबल ताजंच दिसतं. म्हणून शेवटच्या बिलाची वेळ दुकानागणिक तपासा. बिलांची संख्या कालच्याशी न ताडता मागच्या चार-पाच त्याच वारांशी ताडा. रविवार आणि सोमवार यांची तुलना होत नाही. सणांना तर गेल्या वर्षीची तारीखही कामाची नाही. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. सणांचं कॅलेंडर वेगळ्या टेबलात ठेवा, नाहीतर दिवाळीत खोटे अलर्ट येत राहतील.

३. बेरीज जुळवा. एकच तपासणी करायला वेळ असेल, तर ही करा. जुन्या पेढीत रोजमेळ जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे, तसंच इथे. दुकानाच्या मशीनवर दिवसअखेरचा झेड-रिपोर्ट निघतो. त्यातली बिलांची संख्या आणि एकूण रक्कम सर्व्हरवरच्या आकड्यांशी ताडून बघा, आणि दोन्ही बघा. एक बिल गळालं आणि दुसरं दोनदा आलं, तर संख्या बरोबर येते; फरक रकमेत दिसतो. परत आलेला माल वजा धरलाय का, हे दोन्हीकडे एकसारखं ठरवून घ्या. माझ्या मते निम्मे वाद तिथलेच असतात.

४. रकान्यांचे नियम. डीबीटी (dbt, टेबलं तयार करण्याचं आणि तपासण्याचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर चार तपासण्या तयार मिळतात: मूल्य पुन्हा येत नाही, रिकामं नाही, ठरलेल्या यादीतलं आहे, आणि दुसऱ्या टेबलात त्याची नोंद आहे. ते नसेल तर साध्या एसक्यूएलनेही (टेबलांना प्रश्न विचारायची भाषा) भागतं. त्यावर आपले देशी नियम चढवा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, गोव्यातल्या नोंदणीचा ३० ने.

तारखेला विशेष जपा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? दिवस आणि महिना उलटे वाचले गेले, तर महिन्याच्या १२ तारखेपर्यंत काहीच अडत नाही, १३ ला जॉब आपटतो. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो, म्हणजे मध्यरात्रीनंतरची बिलं आदल्या दिवसात जाऊन बसतात. आणि एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करतं. लांब ऑर्डर क्रमांक ‘टेक्स्ट’ म्हणूनच ठेवा.

५. अलर्ट कमी, पण कामाचे. दोनच दर्जे ठेवा. बेरीज जुळत नसेल तर रिपोर्ट थांबवा, किंवा त्याच्या माथ्यावर ‘२ दुकानांचा डेटा बाकी’ असं ठळक छापून पाठवा. चार ग्राहकांचे पिनकोड रिकामे असतील, तर ते आठवड्याच्या यादीत जाऊ द्या. संदेशात दुकान, अपेक्षित आकडा, आलेला आकडा आणि जबाबदार माणूस हे चारही हवेत. नुसता ‘डेटा क्वालिटी चेक फेल्ड’ असा मेसेज तिसऱ्या दिवसापासून कोणी उघडत नाही.

६. पहारेकऱ्याचीही परीक्षा घ्या. चाचणीच्या प्रतीतून एका दुकानाच्या ओळी मुद्दाम उडवा, दुसऱ्याची फाइल दोनदा भरा, आणि फोन वाजतो का बघा. मग दुरुस्तीची रीतही तिथेच तपासा: तोच दिवस पुन्हा चालवला, तर जॉबने त्या दिवसाच्या जुन्या ओळी काढून नव्या भरायला हव्यात. त्याने जुन्यांवरच नव्या ओळी चढवल्या, तर गळालेलं दुकान परत येईल, पण बाकी सगळ्यांची विक्री दुप्पट दिसेल.