संशोधन आणि पालिकेची गाठ कशी घालायची

आधी एक सांगतो, पेपर लिहून मग ऑफिसरकडे जाऊ नका, सुरुवातीलाच जा आणि त्यांची अडचण काय ते विचारा. सुरतचंच बघा ना, २०१९ला गुजरातच्या प्रदूषण बोर्डाने प्रोफेसर लोकांना सोबत घेऊन ३००च्या वर कारखान्यांत धुराचं ट्रेडिंग (म्हणजे एकूण धुरावर मर्यादा घालायची आणि धूर सोडायचे परवाने कारखान्यांनी आपसात विकायचे-घ्यायचे) ट्राय केलं, पण सगळ्यांवर एकदम नाही लादलं, लॉटरीने निम्मे निवडले आणि उरलेले जुन्याच नियमांवर ठेवले, म्हणून तर तुलना करता आली आणि धुरातली धूळ २० ते ३० टक्के कमी झाली हे ठामपणे सांगता आलं. धूर मोजायचे मीटर मात्र दोन्ही गटांत बसवा हां, नाहीतर मोजणार काय? आणि साहेबांची बदली होणारच, सगळं लेखी करून घ्या.