वेळूतल्या राजकन्येची गोष्ट मराठीत कशी सांगावी

'ताकेतोरी मोनोगातारी' ही वेळू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची कथा नवव्या शतकाच्या अखेरीस किंवा दहाव्याच्या आरंभी जपानीत लिहिली गेली आणि तिच्या लेखकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या लेखिकेने आपल्या 'गेंजी मोनोगातारी' या कादंबरीत तिला सर्व कथांची पूर्वज म्हटले. २००७ साली जपानने चंद्राभोवती फिरण्यासाठी पाठवलेल्या यानाला लोकांच्या पसंतीने 'कागुया' हे तिच्या नायिकेचे नाव मिळाले, आणि सोबतच्या दोन लहान उपग्रहांना 'ओकिना' व 'ओउना', म्हणजे म्हातारा व म्हातारी. इतकी टिकलेली गोष्ट मुलांना सांगायची असेल, तर ती कशाच्या बळावर टिकली हे सांगणाऱ्याने आधी ओळखले पाहिजे. माझ्या मते ही गोष्ट कोणाचेही मन राखत नाही: राजपुत्रांचे नाही, सम्राटाचे नाही आणि ऐकणाऱ्याचेही नाही. तिला गोड करायला गेले की ती बिघडते.

सुरुवात 'आटपाट नगर होते' अशी करू नये. मूळ कथा 'इमा वा मुकाशी' या शब्दांनी, म्हणजे 'आता या गोष्टीला फार काळ लोटला' अशा अर्थाने उघडते, आणि पहिले वाक्य ज्या क्रियापदावर संपते त्यात ऐकीव गोष्टीचा भाव आहे. तो भाव मराठीत 'म्हणे' या एका शब्दात उतरतो, म्हणून 'वेळू तोडून त्याच्या नाना वस्तू करणारा एक म्हातारा होता म्हणे' एवढे पुरते. त्याला एका वेळूच्या बुंध्याशी उजेड दिसतो आणि आत तीन सुन, म्हणजे सुमारे ९ सेंटीमीटर उंचीची मुलगी बसलेली सापडते. उंची दाखवताना हात पसरू नयेत, मूठ दाखवावी. म्हातारा-म्हातारी तिला टोपलीत ठेवून वाढवतात, तीन महिन्यांत ती उपवर होते आणि म्हाताऱ्याला वेळूच्या पेरांतून सोने सापडत राहते. हे सारे झरझर सांगून टाकावे.

वेळ द्यावा तो पाच वरांना. कागुया-हिमे, म्हणजे राजकन्या कागुया, एकाला भारतातले बुद्धाचे दगडी भिक्षापात्र आणायला सांगते, दुसऱ्याला होराई या कल्पित पर्वतावरची रत्नांची फांदी, तिसऱ्याला आगीत न जळणाऱ्या उंदराच्या कातड्याचे वस्त्र, चौथ्याला ड्रॅगनच्या गळ्यातला पंचरंगी मणी आणि पाचव्याला भिंगरी पाखराजवळची सुखप्रसूतीची कवडी. पाचही प्रसंग सारख्याच लांबीने सांगितले तर मुले कंटाळतात, म्हणून दोन निवडावेत. मी दुसरा आणि पाचवा निवडतो. दुसरा राजपुत्र समुद्रावर गेल्याचे सोंग करतो, सहा कारागिरांना आडजागी बसवून फांदी घडवून घेतो आणि परतल्यावर प्रवासाच्या अशा थापा मारतो की म्हातारा शेजघराची तयारी करू लागतो. तेवढ्यात ते कारागीर अर्ज घेऊन दारात उभे राहतात, कारण हजारांहून अधिक दिवस राबूनही त्यांना मजुरी मिळालेली नसते. इथे थांबावे आणि ऐकणाऱ्यांना हसू द्यावे.

प्रत्येक फजिती मूळ जपानीत एखाद्या श्लेषावर संपते. हे श्लेष मराठीत येत नाहीत आणि समजावून सांगितले की त्यांतली गंमत जाते. पाचवा मात्र जणू मराठीसाठीच राखून ठेवलेला आहे. टोपलीत बसून दोराने वर चढलेला तो सरदार घरट्यात हात घालतो, हाताला काहीतरी चपटे लागते, खालचे लोक दोर जादा ओढतात आणि तो उताणा कोसळतो. मूठ उघडली तर आत भिंगरीची जुनी विष्ठा. जपानीत 'काइ' म्हणजे शिंपला आणि 'काइ' म्हणजे केल्या कष्टांचे चीज; आपण 'हाती कवडीही लागली नाही' एवढेच म्हणावे. हा सरदार त्या दुखण्यातून उठत नाही आणि कागुया-हिमेला त्याची थोडीशी कीव येते. 'थोडीशी' हा शब्द वगळू नये, कारण हसण्यातून गोष्ट इथे पहिल्यांदा बाहेर पडते.

सम्राटाचा भाग थोडक्यात आटपावा: तो तिला न्यायला जातो, ती सावलीसारखी नाहीशी होते, आणि पुढे तीन वर्षे दोघांत पत्रे चालतात.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्रावरचे लोक न्यायला येणार, असे ती रडत सांगते. या रात्रीला कोजागिरी म्हणण्याचा मोह आवरावा, कारण ती बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास पडते. सम्राट दोन हजार शिपाई पाठवतो, हजार भिंतींवर आणि हजार छपरांवर. म्हातारा गर्जतो की आलेल्यांचे केस उपटीन आणि सगळ्या अंमलदारांसमोर त्यांचे ढुंगण उघडे पाडीन. शिष्टाचारापोटी हे वाक्य गाळणारे पुष्कळ असतील. गाळू नये, कारण याच माणसाच्या डोळ्यांदेखत थोड्या वेळाने दारे आपोआप उघडतात आणि शिपायांच्या हातांतले बळ निघून जाते.

चंद्रावर तिच्या हातून काही पाप घडले म्हणून तिला खाली धाडले होते, एवढेच आलेले लोक सांगतात. कोणते पाप, ते मूळ कथेत नाही. आपल्या डोक्यात लगेच शापित अप्सरा येतात, पण ती जागा भरून काढू नये.

सर्वांत सावकाश सांगायचा तो पिसांचा झगा. तो अंगावर पडला की माणसाचे मन पालटते, मागच्यांची कळवळ उरत नाही. म्हणून ती 'जरा थांबा' म्हणते, न्यायला आलेले उशीर झाला म्हणून चुळबुळतात, आणि ती त्यांना गप्प करून शांतपणे सम्राटाला पत्र लिहिते. मग झगा घालतात. यानंतर तिच्या तोंडी एकही वाक्य घालू नये, आणि तिने मागे वळून पाहिले असेही सांगू नये.

पत्राबरोबर तिने अमरत्वाचे औषध पाठवलेले असते. ती भेटणार नसेल तर ते काय कामाचे, म्हणून सम्राट दोन्ही सुरुगा प्रांतातल्या आभाळाजवळच्या पर्वतावर जाळायला सांगतो. पुष्कळ योद्धे तिथे चढले म्हणून त्याचे नाव 'योद्ध्यांनी समृद्ध' अशा अर्थाने फुजी पडले, असे कथा म्हणते. जपानी कानाला त्यात 'फुशी', म्हणजे अमर, हाही शब्द ऐकू येतो. इथे 'साठा उत्तराची कहाणी' जोडू नये. मूळ कथेचेच शेवटचे वाक्य सांगून उठावे: तो धूर अजूनही ढगांत चढतो म्हणे.