शोपँ आणि लिस्ट: तुलना करताना काय ऐकावं

शोपँ आणि लिस्ट या एकोणिसाव्या शतकातल्या दोन पियानो-रचनाकारांची तुलना करायची तर लिस्टच्या कसरतींपासून सुरुवात करू नका. दोघांच्या डी फ्लॅट मेजर या एकाच स्वरपट्टीतल्या संथ रचना घ्या: शोपँचं नॉक्टर्न (रात्रीच्या शांत भावाची रचना), ओपस म्हणजे रचनासंच २७, क्रमांक २, आणि लिस्टचं तिसरं कॉन्सोलेशन (‘सांत्वन’ अशा नावाच्या छोट्या रचनांपैकी एक). आधी फक्त डावा हात ऐका. शोपँकडे तो लय सांभाळतो, म्हणून उजव्याला रेंगाळता येतं, हरकती घेता येतात. डावाही ढेपाळला, तर ते ध्वनिमुद्रण मी सरळ बाजूला ठेवते. लिस्टकडे खालचा एकच खर्ज पेडलवर, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पायपट्टीवर, लांबत राहतो आणि वरचे स्वर त्यात मिसळतात. इथे वादकाचा पाय ऐकायचा! कॉन्सोलेशन्स १८५०मध्ये छापली गेली, शोपँ १८४९मध्ये गेला होता. मला त्यात मित्राची आठवणच ऐकू येते. नंतर खुशाल लिस्टच्या ‘ला कॅम्पानेला’सारख्या कसरतींकडे वळा.