सूर्यास्ताच्या फोटोसाठी तिथी बघा

ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब हवं असतं, आणि किनाऱ्यावर पोचावं तर भरती! गुहागरला दोन संध्याकाळी माझ्या अशाच वाया गेल्या. मग कोकणातला जुना हिशोब वापरायला लागलो. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

१. तिथीची पाऊणपट करा. ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे, म्हणजे सव्वाअकरा.

२. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा, अमावास्या आणि त्यानंतरचे दोन दिवस आपले! तेव्हा उधाण असतं, संध्याकाळी पाणी लांबवर हटतं आणि आरशासारखी ओली वाळू उघडी पडते. अष्टमीला मात्र सूर्यास्तालाच भरती.

३. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. गुडघ्यावर बसा, कॅमेरा वाळूपासून वीतभर उंचीवर धरा. लाट मागे सरकताना वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो, तो जिरायच्या आत क्लिक करा. खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षीसुद्धा याच उंचीवरून सुरेख येते. मोबाइललाही हे सगळं लागू.

हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा गावातल्या कोळीदादांना एकदा विचारून घ्या.

आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर फोटोच्या नादात लांब जाऊ नका. उधाणाचं पाणी परततं ते भराभर, आणि आधी मागची वाट बुडवतं.