पायथन लायब्ररीतल्या मॉड्यूलचं नाव बदलायचं असेल तर

पायथनमध्ये मॉड्यूल म्हणजे एक फाइल, आणि फाइलचं नाव बदलायला एक आज्ञा पुरते. वेळ खातं ते त्या नावावर विसंबलेलं बाकी सगळं: इम्पोर्टच्या ओळी, अवतरणचिन्हांत लपलेली नावं, सेटिंगच्या फाइली, आणि रेपोच्या (प्रकल्पाच्या कोडसाठ्याच्या) बाहेर कुणाच्या तरी डिस्कवर पडून असलेला डेटा.

उदाहरणासाठी 'हिशोब' नावाची लायब्ररी धरू. रकमा लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन छापणारा (१२,३४,५६७ असा) कोड तिच्यात 'युटिल्स' या मॉड्यूलमध्ये आहे, आणि त्याचं नाव 'रक्कम' करायचं आहे. आज्ञा आणि कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; टंकताना रोमनमध्येच टंकायचे.

नाव ठरवताना

नावात हायफन नको, कारण इम्पोर्टच्या ओळीत तो चालत नाही. पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलचं नावही टाळा: कॅलेंडर, क्यू, टाइप्स, लॉगिंग. पॅकेजच्या आत 'हिशोब.कॅलेंडर' व्यवस्थित चालतं. पण कुणी त्या फोल्डरमधली एखादी फाइल थेट चालवली की ते फोल्डर शोधाच्या यादीत पहिलं येतं, आणि पायथनचं स्वतःचं एखादं मॉड्यूल 'कॅलेंडर' मागताना तुमची फाइल उचलतं. एरर मात्र भलत्याच फाइलमध्ये दिसते.

आधी शोधा, मग हात लावा

गिट ग्रेप -एन -डब्ल्यू युटिल्स

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. '-डब्ल्यू' पूर्ण शब्दच शोधतं, त्यामुळे 'युटिल्स_जुनं' असल्या नावांची गर्दी होत नाही. 'हिशोब.युटिल्स' एवढंच शोधलं तर बरंच निसटतं: 'फ्रॉम .युटिल्स इम्पोर्ट रुपये', 'फ्रॉम . इम्पोर्ट युटिल्स', आणि कंसात चार ओळींवर पसरलेला इम्पोर्ट, ज्यात 'युटिल्स' हा शब्द एका ओळीवर एकटाच असतो.

सापडलेल्या सगळ्या जागी सेडने (मजकूर शोधून बदलणाऱ्या आज्ञेने) सरसकट बदल करायचा मोह होतो. करू नका. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्येही 'युटिल्स' आहे, आणि 'जँगो.युटिल्स'चं 'जँगो.रक्कम' झालेलं टेस्ट चालवेपर्यंत कळत नाही. पायचार्ममध्ये शिफ्ट-एफ६ दाबून नाव बदला, किंवा व्हीएस कोडमध्ये पायलान्स हे एक्स्टेन्शन चालू ठेवून फाइलचं नाव एक्सप्लोररमधून बदला. इम्पोर्ट खरोखर कुठल्या फाइलकडे जातो हे पाहून ही साधनं बदल करतात. अवतरणचिन्हांतली नावं मात्र हातानेच तपासा.

दोन कमिट, एक नव्हे

गिट एमव्ही हिशोब/युटिल्स.पीवाय हिशोब/रक्कम.पीवाय

गिट 'नाव बदललं' अशी नोंद कुठेच ठेवत नाही. फरक दाखवताना ते गायब झालेली फाइल आणि नवी आलेली फाइल ताडून बघतं, आणि मजकूर निदान ५० टक्के सारखा असेल तर त्याला नावबदल मानतं. म्हणून या कमिटमध्ये (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात) फाइलच्या आत फॉरमॅटिंग, फंक्शनची फिरवाफिरव असलं काही करू नका. इम्पोर्टच्या ओळी मात्र याच कमिटमध्ये बदला, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (जुने कमिट तपासत बग कुठून आला ते शोधणारा) या मोडक्या कमिटवर येऊन अडकेल.

बहुतेकांची चूक होते ती पुढच्या पायरीत. जुनं नाव वापरणाऱ्यांसाठी 'युटिल्स.पीवाय' या नावाची छोटी फाइल, म्हणजे शिम, ठेवायची असते. ती याच कमिटमध्ये टाकली तर गिटच्या दृष्टीने 'युटिल्स' गायब झालेलीच नाही, फक्त तिच्यातला मजकूर बदलला, आणि 'रक्कम' ही कोरी करकरीत नवी फाइल आहे. साधा 'गिट ब्लेम' (कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारी आज्ञा) तिथेच थांबतो. मर्जमध्ये (दोन ब्रँच, म्हणजे कामाच्या वेगळ्या फांद्या, एकत्र करताना) तर जास्त त्रास: ज्यांच्या ब्रँचवर 'युटिल्स'मध्ये काम चालू आहे, त्यांचे बदल 'रक्कम'मध्ये जाण्याऐवजी चार ओळींच्या शिमवर आदळतात.

म्हणून पहिल्या कमिटमध्ये नाव आणि इम्पोर्ट, दुसऱ्यात शिम. एवढ्यानेही चालू ब्रँचचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण मर्ज मधले कमिट बघत नाही, दोन टोकं आणि त्यांचा समान पूर्वज एवढंच बघतं. अशा ब्रँचवाल्यांनी आधी पहिला कमिट मर्ज करून घ्यावा, मग दुसरा. आणि पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करू नका. दोन्ही कमिट एक झाले की वेगळे ठेवण्याची मेहनत वाया. झालाच असेल स्क्वॉश, तर 'गिट ब्लेम -सी' वापरा. तो त्याच कमिटमध्ये बदललेल्या दुसऱ्या फाइलींतून आलेल्या ओळींचा माग काढतो.

नावात फक्त कॅपिटल अक्षराचा फरक असेल तर मॅक आणि विंडोजच्या फाइल सिस्टिमला तो सहसा कळत नाही. तिथे सगळं चालतं आणि लिनक्सच्या सर्व्हरवर इम्पोर्ट पडतो. मधे एक तात्पुरतं नाव देऊन दोन टप्प्यांत बदला.

शिम

इम्पोर्ट सिस
इम्पोर्ट वॉर्निंग्ज
फ्रॉम हिशोब इम्पोर्ट रक्कम
वॉर्निंग्ज.वॉर्न("हिशोब.युटिल्स ऐवजी हिशोब.रक्कम वापरा, जुनं नाव ३.० मध्ये निघेल", डेप्रिकेशनवॉर्निंग, स्टॅकलेव्हल=२)
सिस.मॉड्यूल्स[__नेम__] = रक्कम

शेवटच्या ओळीऐवजी 'फ्रॉम हिशोब.रक्कम इम्पोर्ट *' लिहिलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं. ते अपुरं आहे. अंडरस्कोरने सुरू होणारी नावं त्यात येत नाहीत, आणि दोन वेगळी मॉड्यूल तयार होतात. मग वापरणाऱ्याच्या टेस्टमधलं 'पॅच("हिशोब.युटिल्स.दर_आणा")' शिममधलं नाव बदलतं, खरा कोड मात्र 'रक्कम'मधलं मूळ फंक्शन चालवतो. टेस्टमध्ये खोटा दर यायला हवा, तिथे खराखुरा नेटवर्क कॉल जातो. 'सिस.मॉड्यूल्स'मध्ये बदल केला की दोन्ही नावं एकाच वस्तूकडे जातात.

'स्टॅकलेव्हल=२' दिल्यावर इशारा शिमच्या ओळीवर न दिसता इम्पोर्ट करणाऱ्याच्या ओळीवर दिसतो. पण मॉड्यूलचा मजकूर एका प्रोसेसमध्ये एकदाच चालतो, त्यामुळे इशारा फक्त पहिल्या इम्पोर्टला मिळतो. तुमच्याच पॅकेजात कुठे जुनं नाव राहिलं असेल, तर तो पहिला मान तुमच्या फाइलला जातो आणि वापरणाऱ्याला त्याची ओळ कधीच दिसत नाही. म्हणून स्वतःच्या टेस्ट अशा चालवा:

पायथन -डब्ल्यू एरर::डेप्रिकेशनवॉर्निंग -एम पायटेस्ट

इतर लायब्रऱ्यांच्या इशाऱ्यांनीही टेस्ट पडायला लागल्या तर पायटेस्टच्या सेटिंगमध्ये फक्त आपल्या संदेशापुरती गाळणी लावा. हा इशारा एरवी मुख्य स्क्रिप्टमधल्या ओळीलाच दिसतो, बाकी ठिकाणी पायथन तो गिळून टाकतं. बदलाची नोंद रिलीज नोट्समध्ये हवीच.

जिथे शिम पुरत नाही

लॉगर: मॉड्यूलमध्ये 'गेटलॉगर(__नेम__)' असेल तर लॉगरचं नावही बदललं. कुणी सेटिंगमध्ये 'हिशोब.युटिल्स'ची पातळी ठरवली असेल तर ती आता कुणालाच लागू होत नाही. एरर येत नाही, फक्त लॉग अचानक वाढतो किंवा गप्प होतो.

सेलरी (कामं रांगेत लावून मागे चालवणारी लायब्ररी): टास्कला वेगळं नाव दिलं नसेल तर ते मॉड्यूल आणि फंक्शनच्या नावावरून बनतं. रांगेत जुन्या नावाने थांबलेली कामं नव्या वर्करला ओळखू येत नाहीत, आणि तो ती टाकून देतो. शिमचा इथे उपयोग नाही, कारण टास्क नव्या नावानेच नोंदला जातो. टास्कला 'नेम=' देऊन जुनं नाव तसंच ठेवा.

पिकल (पायथनमधल्या वस्तू साठवून ठेवायची पद्धत): यात क्लासचं नाव मॉड्यूलच्या पत्त्यासकट साठवलेलं असतं. जुनी पिकल नव्या आवृत्तीत शिममुळे उघडते. उलट दिशेला मात्र रस्ता बंद. नमपाय या गणिती लायब्ररीने २०२४ मध्ये २.० आवृत्तीत 'नमपाय.कोर'चं 'नमपाय._कोर' केलं, तेव्हा नव्या आवृत्तीत साठवलेल्या पिकल जुन्या आवृत्त्यांत उघडेनात. त्यावर तोडगा म्हणून १.२६ च्या मालिकेत आधीच उलट शिम घालून ठेवली होती: जुन्या लायब्ररीत नव्या नावाची. जुने आणि नवे सर्व्हर एकच कॅश वाचत असतील तर तुम्हालाही तेच करावं लागेल.

याशिवाय पायप्रोजेक्ट.टॉमल (एंट्री पॉइंट, मायपाय आणि कव्हरेजची सेटिंग), स्फिंक्सचे ऑटोमॉड्यूल, कोडओनर्स, डॉकरफाइल आणि नोटबुक बघा. एंट्री पॉइंट बदलला असेल तर 'पिप इन्स्टॉल -ई .' पुन्हा चालवा.

रिलीजच्या आधी

बिल्ड फोल्डर पुसा. सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं साधन) 'बिल्ड/लिब'मध्ये उरलेली जुनी फाइल निमूटपणे नव्या व्हीलमध्ये (इन्स्टॉल करायच्या तयार फाइलमध्ये) भरतं. व्हील तयार झाल्यावर 'पायथन -एम झिपफाइल -एल' ने आतली यादी डोळ्यांनी बघा.

एका फाइलऐवजी अख्खं फोल्डर हलवलं असेल तर आणखी एक गंमत. जुन्या फोल्डरमध्ये गिटबाहेरचं '__पायकॅश__' उरतं, म्हणून फोल्डरही उरतं. पायथन ३.३ पासून '__इनिट__' नसलेलं फोल्डरही पॅकेज मानलं जातं, त्यामुळे जुन्या नावाचा इम्पोर्ट तुमच्या मशीनवर बिनबोभाट चालतो आणि आतलं काही मागितल्यावरच फुटतो. 'गिट क्लीन -एक्सडीएन' ने आधी काय पुसलं जाईल ते बघा. त्यात तुमची '.एन्व्ह' फाइलही असू शकते.

जुनं नाव कधी काढायचं

पुढच्या मोठ्या आवृत्तीत, त्याआधी नाही. पायथनने २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत 'मॅपिंग'सारखे क्लास 'कलेक्शन्स.एबीसी'त हलवले आणि जुनी जागा काढली ती २०२१ मध्ये, ३.१० ला. नऊ वर्षं देऊनही अनेक लायब्रऱ्या त्या दिवशी पडल्या.

काढताना फाइल लगेच पुसू नका. एका आवृत्तीपुरती तिच्यात एकच ओळ ठेवा: 'रेझ इम्पोर्टएरर("हिशोब.युटिल्स आता हिशोब.रक्कम आहे")'. नुसत्या 'मॉड्यूल सापडलं नाही' या संदेशाने माणूस इन्स्टॉलच बिघडलंय असं समजून एन्व्हायर्नमेंट पुन्हा बांधत बसतो.