चानकाय पद्धतीची बोरूची बाहुली

पेरूच्या मध्य किनाऱ्यावरील चानकाय खोऱ्यात, साधारणपणे इ. स. १००० ते १४७० या काळात, मृतांसोबत पुरल्या जाणाऱ्या विणीव आकृतींना आज सोयीसाठी बाहुल्या म्हटले जाते. त्या निव्वळ खेळणी होत्या असे मात्र गृहीत धरू नये. तिथल्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडत नसल्याने सूत, लोकर आणि बोरू शतकानुशतके टिकले, म्हणूनच त्यांची घडण पाहून आपल्यालाही तशी आकृती करता येते.

आरंभ चेहऱ्यापासून करावा, कारण खरे कौशल्य तिथेच लागते. जाड पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना तीन-तीन मिलिमीटरवर खाचा पाडून सुती धाग्याचे वीसेक पदर ताणावेत. आडवा धागा लोकरीचा घ्यावा (मूळ आकृतींत अल्पाकासारख्या प्राण्यांची लोकर दिसते) आणि जेवणाच्या काट्याने इतका दाबून बसवावा की ताणा (म्हणजे हे उभे ताणलेले धागे) दिसेनासा होईल. जिथे दोन रंग शेजारी येतात, तिथे प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या शेवटच्या उभ्या धाग्याला वळसा घालून मागे फिरवावा, म्हणजे मध्ये बारीक फट राहते. पैठणीच्या पदरात हेच धागे एकमेकांत अडकवले जातात. इथे ते मुद्दाम अडकवायचे नाहीत. फट सेंटीमीटरभराहून लांब झाली तर वीण सैल पडते, म्हणून दर तीन-चार ओळींनी रंगाची हद्द एकेका धाग्याने सरकवावी. डोळ्यांभोवतीची पायऱ्यांसारखी नक्षी यातूनच आपोआप उमटते.

अंगासाठी बोरूच्या काड्या घ्याव्यात, त्या दोऱ्याने करकचून बांधाव्यात आणि हातपायांवर रंगीत लोकर एकाशेजारी एक वेढे देत गुंडाळावी. चेहरा कापसाच्या चपट्या गादीवर शिवून काळपट लोकरीचे केस लावावेत.

पोशाखासाठी कापड कापू नये. अँडीजमध्ये वस्त्र सहसा हव्या त्या मापाचेच, चारही काठ पक्के ठेवून विणले जाई. तेव्हा अंगाच्या मापाचे दोन आयत विणून खांद्यांवर आणि बाजूंनी शिवावेत. बाजारात जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाहुल्या थडग्यांतून उकरलेल्या कापडाचे तुकडे जोडून अलीकडे बनवलेल्या असतात. तसे तुकडे विकत घेऊन वापरण्यापेक्षा आपली ओबडधोबड वीण केव्हाही बरी.